पाच लाख एकर आणि एक दगड

(वसंत व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन. छापण्याआधी वक्त्याने थोडा हात फिरवला आहे, फार नाही.)

मंडळी, पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव छापलंय, ‘प्रेअरीवरच्या धरणाचा ताळेबंद’. नाव मीच दिलेलं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? पण ताळेबंद म्हटलं की आकडे आले, आणि आकडे आले की मागच्या रांगेतले दोघं-तिघं डोळे मिटून ऐकायला लागतात. मी तेहतीस वर्षं मातीच्या धरणांवर नोकरी केली आहे. उन्हात रोलरवर डुलकी लागलेला ड्रायव्हर मला अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू यायचा. तेव्हा मागच्यांनी जपून.

संयोजकांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत. त्यानंतर सत्कार आहे. कुणाचा, म्हणून विचारलं तर म्हणाले, तुमचाच. म्हणजे मी जितका लांबेन तितका माझाच नारळ लांबणार.

माझी मुलगी कॅनडात सास्काटूनला असते. कॅनडा म्हटलं की लोक लगेच विचारतात, टोरांटोला का? नाही हो. टोरांटोला उतरायचं आणि तिथून पुन्हा तीन-साडेतीन तास विमानाने पश्चिमेला जायचं. प्रांताचं नाव सास्काचेवान. नकाशात बघा, या प्रांताची एकही हद्द नदीने किंवा डोंगराने ठरवलेली नाही. सगळ्या पट्टीने आखलेल्या. आणि आत सगळा माळ, त्यालाच प्रेअरी म्हणतात. गहू, कॅनोला, मसूर. आपल्याकडे बाजारात परदेशी मसूर येते ना, तिच्यात या माळावरची पुष्कळ असते. तिथले लोक स्वतःवरच विनोद करतात, की आमच्याकडे कुत्रा घर सोडून पळाला तर तीन दिवस पळताना दिसतो.

तर एका रविवारी मुलगी म्हणाली, बाबा, चला, तुम्हाला तळं दाखवते. मला वाटलं बदकं असतील, दाणे टाकायचे असतील. शंभरेक किलोमीटर दक्षिणेला गेलो आणि गाडी एका बांधावर चढली. मी म्हटलं, थांबव. ही माझी चीज आहे. मातीचं धरण! पाच किलोमीटर लांब, ६४ मीटर उंच. नाव गार्डिनर धरण. साउथ सास्काचेवान नदीवर १९५९ ते १९६७ या काळात बांधलं. मागे पसरलंय ते लेक डिफेनबेकर, लांबी २२५ किलोमीटर. पुण्याहून निघालात तर संभाजीनगर जवळ येईपर्यंत एका बाजूला पाणीच. साठा ९.४ अब्ज घनमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे ३३० टीएमसी. कोयना १०५. करा हिशेब, तीन कोयना आणि वर थोडी शिल्लक.

आता लांबीत आपलं पैठण त्याच्या दुप्पट भरेल, हे मी तिथे जावयाला सांगितलं. जावई म्हणाले, हो का. ते सॉफ्टवेअरमधले आहेत.

पण मातीचा माणूस भिंतीची उंची बघत नाही, पायाखाली काय आहे ते बघतो. इथे पायाखाली आहे बेअरपॉ शेल. कोट्यवधी वर्षांपूर्वी या माळावर समुद्र होता, त्याच्या तळाचा चिखल घट्ट होऊन झालेला थर. कोरडा असताना दगडाचा आव आणतो, पाणी लागलं की साबण. नदीचे काठ त्यामुळे वर्षानुवर्षं घसरतच आलेले. अशा पायावर तुम्ही उभी भिंत बांधू शकत नाही. उतार इतके पसरट ठेवावे लागले की तळाशी धरणाची रुंदी दीड किलोमीटरच्या आसपास गेली. आणि तरीही ते धरण हलतं. पायातल्या एका कमकुवत थरावरून ते कणाकणाने खालच्या अंगाला सरकत आलेलं आहे. जलाशय भरला की सरकतं, उतरला की थांबतं. मोजमाप चालू आहे, चिंतेचं कारण नाही. पण मला त्या धरणाबद्दल एकदम आपुलकी वाटली. माझेही गुडघे तसेच आहेत.

हे झालं शरीर. आता जन्मकथा थोडक्यात, कारण ती मोठी मजेशीर आहे.

या माळाच्या दक्षिण भागाला पॅलिसरचा त्रिकोण म्हणतात. जॉन पॅलिसर १८५७ ते १८६० या काळात मोहीम घेऊन तिथे फिरला आणि सांगून मोकळा झाला, की हा भाग शेतीच्या लायकीचा नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही. रेल्वे आली, वसाहत आली, नांगर लागले. मग १९३० च्या दशकात पाऊस दडी मारून बसला आणि जमीन उडून गेली. अक्षरशः उडून. दिवसा दिवे लावायची वेळ. मंदी त्यात वेगळी. लोकांकडे मोटारी होत्या, पण पेट्रोलला पैसे नव्हते. मग त्यांनी काय केलं? इंजिन काढून टाकलं आणि मोटारीला घोडे जुंपले. पंतप्रधान होते आर. बी. बेनेट, म्हणून त्या गाडीचं नाव पडलं ‘बेनेट बग्गी’. सरकारला टोमणा मारायची कला आपलीच आहे असं मला इतके दिवस वाटत होतं.

१९३५ मध्ये केंद्र सरकारने या माळावरची शेती सावरायला एक खास खातं काढलं. नाव मोठं लांबलचक, सगळे आद्याक्षरांनी ओळखतात, पीएफआरए. या खात्याच्या डोक्यात धरण बसलं. आणि त्याहून जास्त बसलं जिमी गार्डिनर यांच्या डोक्यात. हे उदारमतवादी पक्षाचे, आधी प्रांताचे मुख्यमंत्री, मग दिल्लीत, म्हणजे ओटावात, वर्षानुवर्षं कृषिमंत्री. धरणासाठी हा माणूस आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांच्या मागे लागला. पंतप्रधान सेंट लॉरेंट यांना काही ते पटेना. त्यांनी काय करावं? आपल्याकडे करतात तेच केलं, आयोग नेमला. टी. एच. हॉग हे अध्यक्ष. आयोगाने आकडेमोड केली आणि सांगितलं, खर्चाच्या मानाने परतावा नाही. फाईल बंद.

१९५७ मध्ये सरकार पडलं. पंतप्रधान झाले जॉन डिफेनबेकर. पक्ष विरुद्ध, पण माणूस सास्काचेवानचाच. १९५८ मध्ये प्रांताशी करार, पुढच्या वर्षी काम सुरू. प्रांतात तेव्हा सरकार होतं टॉमी डग्लस यांचं, ते तिसऱ्याच, समाजवादी पक्षाचे. त्यांनाही धरण हवंच होतं. म्हणजे बघा, तीन पक्ष, तिघांनाही हवं, आणि एकट्या आयोगाला नको. असा आयोग पुढे कुणी वाचत नाही.

१९६७ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा गार्डिनर जाऊन पाच वर्षं झाली होती, डिफेनबेकर यांची खुर्ची गेलेली होती, डग्लस प्रांतातून बाहेर पडले होते. मग नावं कशी दिली? भिंतीला गार्डिनर. पाण्याला डिफेनबेकर. आणि काठावरच्या उद्यानाला डग्लस. तिन्ही घरं जेवली. फक्त एक झालं, की आयुष्यभर एकमेकांविरुद्ध भाषणं करणाऱ्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याला कायमचा अडवून उभा आहे. आपण यात हुशार. नाथसागर म्हणावं, शिवसागर म्हणावं, कुणाची हरकत नाही. यशवंतसागर म्हटलं की... जाऊ द्या, इथे निवडणूक जवळ आली आहे.

हां. आता दगड.

खरं म्हणजे दगडाला मी पाच मिनिटं ठेवली होती. पण आधी मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर दगड कळणार नाही. घड्याळाकडे बघू नका अध्यक्ष महाराज, मला इथून दिसतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मराठवाड्यात एका मध्यम प्रकल्पावर होतो. गावाचं नाव सांगत नाही, आता सांगून उपयोगही नाही, ते पाण्याखाली आहे. बुडीत क्षेत्राचे पंचनामे चालले होते. कागदाला रकाने असत. घर, पक्कं की कच्चं. गोठा. विहीर, बांधीव की बिनबांधीव. झाडं, आंबा इतके, लिंब इतके, बाभूळ इतक्या. मी तरुण होतो, रकाने भरण्यात मला मोठा अभिमान वाटायचा. गावाबाहेर शिवेवर म्हसोबा होता. शेंदराचा गोळा, वर लिंबाची सावली. मी लिंब मोजला आणि पुढे निघालो. एक म्हातारी काठी टेकत मागून आली. म्हणाली, “सायेब, म्हसोबा कंच्या रकान्यात लिवला?”

मी म्हटलं, “आजी, दगड लिहीत नाहीत. बांधकाम असेल तर लिहितो.”

ती काही बोलली नाही. गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच वाटेने आलो, तर म्हसोबाच्या तीन बाजूंना गुडघाभर उंचीची, ओल्या मातीची, विटांची भिंत! रात्रीत बांधलेली. म्हातारी शेजारी बसलेली. म्हणाली, “हे घ्या बांधकाम.”

काय करणार? लिहिलं. ‘वीट-मातीचे कच्चे बांधकाम, चार फूट बाय तीन फूट.’ आमच्या वरच्या साहेबांनी लाल शाईने ते खोडलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. मी पुन्हा लिहिलं नाही. इथे मी साहेबांना दोष देत नाही, खोडलेलं पुन्हा लिहायला शाई माझ्याकडेही होती.

पुढे गाव उठलं. म्हसोबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवला, खाली पेंढा, वर घोंगडी. नव्या गावठाणाकडे निघाले. वाटेत ओढ्यात ट्रॉली आदळली आणि शेंदराचं कवच तडकून गळून पडलं. कित्येक पिढ्यांचा शेंदूर. सगळे गप्प. आत बघतो तर काय, देव नारळाएवढा! माणसं घाबरली. म्हातारी पुढे झाली, तो धोंडा उचलला, पदरात बांधला आणि म्हणाली, “देव हलका झाला म्हना. चला.” उरलेले चार किलोमीटर ती चालत गेली.

हे सगळं का सांगितलं? आता ऐका.

नदीच्या मोठ्या वळणापाशी एल्बो नावाचं गाव आहे. एल्बो म्हणजे कोपर, नदी तिथे कोपरासारखी वळते. त्याच्याजवळून दुसरी एक छोटी नदी पूर्वेला निघते, तिचं नाव कापेल. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो, ‘कोण हाक मारतंय?’ तिच्या दरीत एक धोंडा होता. हिमयुगात बर्फाने शेकडो मैल ढकलत आणून सोडलेला. वजन सुमारे ४०० टन. क्री या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेत मिस्तासिनी, म्हणजे मोठा दगड. आकार कसा? बसलेल्या गव्यासारखा, तिकडच्या बायसनसारखा. क्री आणि असिनिबोइन लोकांचं ते देवस्थान. येता-जाता तिथे तंबाखू ठेवायचा, मणी ठेवायचे, कापडाची चिंधी बांधायची.

गोष्ट अशी सांगतात. प्रवासात एक तान्हं मूल सामानातून गळून पडलं. गव्यांच्या कळपाने त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर त्याला कळलं, की आपण माणूस आहोत. तो माणसांत परत गेला. पण माणसं गवे मारून खातात, आणि गवे त्याचे आईबाप. दोन्हीकडून जीव ओढलेला. शेवटी तो गवा झाला, आणि मग दगड झाला, म्हणजे कुणाला मारायला नको आणि कुणाला खायला नको.

दगड, आकार बसलेल्या रेड्याचा, गावकुसाबाहेर, येणाराजाणारा काहीतरी ठेवून जातो. मंडळी, मला सांगा हा म्हसोबा नाही तर कोण? म्हसोबाच्या नावात म्हैस आहेच. मी एल्बोच्या धक्क्यावर उभा राहून हे मोठ्याने म्हणालो. शेजारी एक तिथलाच म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याला वाटलं मला मासा लागला.

आता दगडाचं काय झालं? जलाशयाची पातळी ठरली, आणि दगड पाण्याखाली जाणार हे नक्की झालं. सास्काचेवान विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ झेनॉन पोहोरेकी यांनी तो हलवायची मोहीम काढली. क्री लोक बरोबर होते, वर्तमानपत्रांत लिहून आलं, वर्गणी सुरू झाली. पण ४०० टन उचलायचे म्हणजे काय सोपं आहे? पैसे जमले ते पुरेनात. आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात? रकाना नव्हता. जगातल्या सगळ्यात मोठ्या मातीच्या धरणांपैकी एक बांधताहेत, डोंगरच्या डोंगर माती हलवताहेत, आणि एक दगड हलवायला तरतूद नाही.

डिसेंबर १९६६ मध्ये सुरुंग लावून तो फोडला. फोडायचं कारण विचाराल तर सांगणं कठीण. बुडवायचाच होता तर बुडू द्यायचा होता! त्याच्यातला एक भाग एल्बोला पाण्याच्या काठी स्मारकात बसवला, काही तुकडे पाउंडमेकर या क्री सरदाराच्या स्मारकाला नेले. बाकीचा तळाशी. २०१४ मध्ये एका पाणबुड्याने खाली उतरून ते तुकडे शोधले, आणि क्री लोकांना पुन्हा त्याच्याबद्दल बोलायला जागा मिळाली.

आणि यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट राहिलीच. या नदीचं पाणी वळवून कापेलच्या दरीत सोडता येईल, हे लेखी मांडणारा पहिला माणूस हेन्री यूल हिंड. साल १८५८. म्हणजे धरणाच्या शंभर वर्षं आधी. आणि त्याच प्रवासात, त्याच दरीत, याच हिंडने हा दगड पाहिला. वहीत लिहून ठेवलं, की याच्यावर मणी आहेत, तंबाखू आहे, कापडाचे तुकडे आहेत, लोक इथे अर्पण करतात. एकाच माणसाच्या एकाच वहीत धरण होतं आणि दगडही होता. पुढच्या शंभर वर्षांत वहीतून अहवालात जाताना एकाला रकाना मिळाला.

ही घंटा कशाची? दहा मिनिटं? मला वाटलं वीस असतील. बरं.

तर आता मुख्य विषय. ताळेबंद. भराभर सांगतो.

धरण कशासाठी बांधलं? सिंचनासाठी. पाच लाख एकर. हा आकडा लक्षात ठेवा, भाषणाभाषणांत तो होता, लोकांनी त्याच्यावर मतं दिली. प्रत्यक्षात आज जलाशयाच्या आसपास भिजतं सुमारे एक लाख एकर. साठ वर्षं होत आली. का? धरण मंजूर झालं ते तिशीच्या दुष्काळाची आठवण असलेल्या लोकांमुळे. पूर्ण झालं तोवर पाऊस बरा पडत होता, गव्हाला भाव होता, शेतं हजार-हजार एकरांची झाली होती. अशा शेतकऱ्याला तुम्ही सांगता, पाइप घाला, पंप घ्या, चारी काढा, पाणीपट्टी भरा. तो म्हणतो, कशाला? वर्षाचे पाच महिने जमीन गोठलेली. शिवाय खाली खारटपणा, जास्त पाणी दिलं की पांढरं फुटतं. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या लोकांना मी काय सांगणार! पश्चिमेकडच्या बाजूचा कालवा खोदायला घेतला, आणि १९७३ मध्ये मध्येच सोडून दिला. तो मी पाहिला. गवत वाढलेला, कोरडा, सरळ रेषेत जाऊन माळावरच संपणारा. मला तिथे अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

मग धरण वाया गेलं का? हाच माझा मुद्दा आहे, आणि यासाठीच मी आलो होतो. वाया गेलं नाही. प्रांताच्या निम्म्याहून जास्त लोकांच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त आज या पाण्यावर आहे. सास्काटून खालच्या नदीतून घेतं, रेजायना आणि मूसजॉ कापेलच्या वाटेने बफेलो पाउंड तलावातून घेतात. पोटॅशच्या खाणी यावर चालतात, आणि तो पोटॅश आपल्या उसाला येतो, हेही लक्षात असू द्या. धरणाच्या कोटो क्रीक वीजघरात १८६ मेगावॅट वीज होते. यातली वीज अहवालात होती. शहरं थोडीफार होती. पण पोत्याने मोजायच्या गोष्टी चमच्याने लिहिल्या होत्या, आणि पाच लाख एकर ढोल वाजवून लिहिले होते. हॉग आयोगाने परतावा नाही म्हटलं, ते सिंचनाबद्दल खरं निघालं. पण आयोगाचं ऐकलं असतं तर रेजायनाने आज प्यायला काय घेतलं असतं, हा हिशेब आयोगाकडेही नव्हता.

दुसरी बाजू. नावे टाकायच्या रकमा. नदी डोंगरातल्या बर्फाची, जूनमध्ये फुगणारी. आता वीज हिवाळ्यात लागते म्हणून पाणी हिवाळ्यात सोडतात. नदीचं वर्ष उलटं झालं. आणखी खाली कम्बरलंडचा त्रिभुज प्रदेश आहे, समुद्रापासून दूर, देशाच्या पोटात. तिथे क्री आणि मेती, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे, लोक मासे आणि मस्करॅट, म्हणजे पाणथळीतला उंदराच्या कुळातला प्राणी, यांच्यावर जगत आले. पूर गेला, तशी पाणथळ जागा आटत गेली. वाटेत दुसरीही धरणं आहेत, दोष सगळ्यांत वाटून घ्या. पण या लोकांना मूळ ताळेबंदात धरलंच नव्हतं.

वाटणीवरून आठवलं, पाणी जवळपास सगळं शेजारच्या आल्बर्टा प्रांतातून येतं. १९६९ मध्ये करार झाला. आल्बर्टाने नैसर्गिक प्रवाहाचं निम्मं पाणी खाली सोडायचं, सास्काचेवानने त्यातलं आणि आपल्याकडचं निम्मं मॅनिटोबाला सोडायचं. संपलं. एका वाक्याचा करार. आपल्याकडे कृष्णेचे लवाद किती झाले ते मोजायला मला वेळ नाही, आणि तुम्हाला धीर नाही.

तेव्हा माझं मागणं एवढंच, की प्रत्येक धरणाचा हिशेब पन्नास वर्षांनी नव्याने मांडावा. मूळ अहवाल बाजूला ठेवून. जे मिळालं आणि लिहिलं नव्हतं ते लिहा. जे गेलं आणि लिहिलं नव्हतं तेही लिहा. मी हे निवृत्तीआधी एकदा लेखी दिलं होतं. उत्तर आलं, आपली सूचना नोंदवण्यात आली आहे. कुठल्या रकान्यात, ते कळवलं नाही.

हो, हो, आवरतो. दोनच गोष्टी.

एक. २०२० मध्ये प्रांताच्या सरकारने पुन्हा योजना जाहीर केली आहे. चार अब्ज डॉलर, दहा वर्षं, आणि एकर किती? बरोबर. पाच लाख. आकडा एका एकरानेही म्हातारा झालेला नाही. आणि सुरुवात त्या गवत वाढलेल्या पश्चिमेच्या कालव्यापासून.

दोन. जलाशय उन्हाळ्याच्या तोंडावर उतरलेला असतो, काठाला रुंद वाळू उघडी पडते. मे महिन्यात तिथे एक पक्षी येतो, आपल्या चिखल्याचा भाऊबंद, वाळूच्याच रंगाचा, मूठभर. जगात तो थोडा उरलाय. वाळूत खळगा करून चार अंडी घालतो. आणि जूनमध्ये बर्फाचं पाणी येतं आणि जलाशय चढायला लागतो. ज्या वर्षी सावकाश चढतो त्या वर्षी पिल्लं निघून जातात. ज्या वर्षी भरभर चढतो त्या वर्षी... हा फोटो मागपर्यंत दिसतोय का? पडद्यावर उजवीकडे खाली बघा. नाही, ते खडे आहेत. त्याच्या शेजारी. ती अंडी.

दिवे लावताय का? बरं. उरलेले फोटो चहाच्या टेबलापाशी दाखवतो, चार्जर तेवढा कुणीतरी आणून द्या.